कोण आले नाही?

टीम या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावर यंदा आमच्या महाविद्यालयात चांगलीच खडाजंगी झाली. निमित्त होते ‘टीम बिल्डिंग’ या विषयावरच्या एक दिवसाच्या कार्यशाळेचे. फलक शुद्ध मराठीतच लिहायचा, असा मराठीच्या सरांचा आग्रह. पण लिहायचे काय? ‘संघबांधणी’ म्हणावे तर एखाद्या दूध संघाची वार्षिक सभा वाटते. ‘गट’ म्हटले की ग्रामपंचायतीची निवडणूक आठवते, ‘टोळी’ म्हटले की पोलीस आणि ‘फड’ म्हटले की ढोलकी. ‘चमू’ हा शब्द दिसायला गोंडस आहे. परंतु वर्तमानपत्राच्या बाहेर तो कुणी उच्चारलेला मी अद्याप ऐकलेला नाही. अखेर वेळ संपत आली, रंगही वाळायला हवा होता, म्हणून फलकावर देवनागरीत ‘टीम बिल्डिंग’ असेच लिहिले गेले आणि वाद मिटला.

कार्यशाळा मजेची झाली, यात शंका नाही. बाहेरगावाहून आलेल्या मार्गदर्शकांनी आम्हांला जुन्या वर्तमानपत्रांचे मनोरे उभारायला लावले, पाठीला पाठ लावून फुगे नेण्याची शर्यत घेतली आणि शेवटी डोळे मिटून मागच्या मागे पडायला सांगितले. मागे उभे असलेले सोबती आपल्याला झेलणार आणि त्यातून परस्परांवरचा विश्वास वाढणार, अशी कल्पना. सगळे झेलले गेले. टाळ्या झाल्या, चहा झाला. मला मात्र सकाळपासून एक गोष्ट खटकत होती. ‘आपापले गट करा’ असे सांगताच अर्ध्या मिनिटात गट तयार झाले होते, आणि प्रत्येक गटात तेच चेहरे होते, जे रोज एका बाकावर बसतात. वणीचे वणीच्यांत, राजूरचे राजूरच्यांत, मारेगावच्या बसने येणारे त्या बसवाल्यांत. मुली अर्थातच मुलींत. आता आपल्याच जिवलग मित्राच्या हातांत पडायला विश्वास कशाला लागतो? तो तर चहा पाजण्यापासून प्रॉक्सी लावण्यापर्यंत आधीच सिद्ध झालेला असतो.

मित्र आपण निवडतो. टीम मात्र आपल्या वाट्याला येते. एवढा एक फरक ध्यानात घेतला, तर या विषयाचे सगळे कोडे तिथेच आहे असे मला वाटते. जो आपल्याला आवडत नाही, किंवा ज्याला आपण ओळखतच नाही, त्याच्याबरोबर एखादे काम तडीस न्यायचे, तेही असे काम, की जे त्याच्यावाचून होणारच नाही. मनोरा वर्तमानपत्राचा असला की तो पडला काय आणि राहिला काय, कुणाचे काही अडत नाही. अडल्याखेरीज टीम होत नाही.

आपल्याकडे या गोष्टीला एक जुना शब्द होता, आणि गंमत अशी, की फलकाच्या चर्चेत तो कुणालाही सुचला नाही. तो शब्द म्हणजे सावड. ज्याच्या गोठ्यात एकच बैल आहे, त्या शेतकऱ्याने काय करावे? एका बैलावर वखर चालत नाही, तिफण चालत नाही. मग असाच दुसरा एका बैलाचा धनी शोधायचा. त्याचा एक, आपला एक. दोन दिवस त्याच्या वावरात, दोन दिवस आपल्या. त्याचा बैल मारका असेल, तो स्वतःही फारसा गोड बोलणारा नसेल. पण मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, की या गोष्टींना अर्थ उरत नाही. बैलांचेही सुरुवातीला जुळत नाही म्हणतात. एक ओढतो, दुसरा मागे राहतो, जू तिरके होते. मग हळूहळू पावले पडू लागतात.

बायांचीही सावड असे, निंदणाला, पेरणीत तिफणीमागे सरते धरायला. आज पाच जणी हिच्या वावरात, उद्या त्याच पाच जणी तिच्या. रोख पैसा कुठेच नाही, पण हिशेब पक्का. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात वही ठेवली नाही. तरी कुणाचा किती रोज फिटायचा राहिला आहे, हे ती दहा वर्षांनंतरही सांगू शकत असे. या बाबतीत तिची स्मरणशक्ती बँकेच्या वसुली खात्याच्या तोडीची होती.

सावडीचे गोडवे गाणारे लेखन पुष्कळ झाले आहे, आणि ते मला पुरते पटत नाही. सावड ही आपल्या आळीतली असे. ज्याला वावरच नाही त्याला सावड कुठली? त्याने मजुरीलाच जायचे. आणि गावकुसाबाहेरचा माणूस कितीही कसबी असला, तरी त्याचा बैल आपल्या बैलाशेजारी जुंपावा, हे आजोबांच्या पिढीला सुचतच नव्हते. आजी हे सांगते ते पाऊसपाण्याबद्दल बोलावे इतक्या सहजपणे. म्हणजे तिथेही ‘आपापले गट करा’ हाच नियम होता म्हणायचा.

तरीही सावडीत एक गोष्ट होती, जी मला मोलाची वाटते. एखादी बाई सकाळी आली नाही, तर बाकीच्या चौघी तिच्या दारात जाऊन उभ्या राहत. “काऊन वो, आली नाही?” हा प्रश्न प्रेमाने विचारलेला नसे, रागाने विचारलेला असे, कारण तिच्यावाचून काम अडलेले असे. त्या रागाची किंमत मला अलीकडे कळू लागली आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर कशासाठी घेतले जाते, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी मालतीबाई आणि चार मुलांसह आपले जीवन संपवले. त्या आठवणीने आता दर वर्षी १९ मार्चला अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. साहेबराव हे काही कोपऱ्यात पडलेले, कुणी न विचारणारे गृहस्थ नव्हते; ते गावचे सरपंच राहिलेले होते, त्यांना गाण्याची जाण होती. म्हणून या प्रश्नावर सोपी उत्तरे देऊ नयेत. भाव, कर्ज, पाऊस यांचे गणित सावडीने सुटले असते, असे म्हणणे हा खोटेपणा होईल. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की आज नांगरणी ट्रॅक्टरवाल्याला, फवारणी मजुराला, वेचणी किलोच्या भावाने बाहेरगावच्या बायांना दिली की शेतातला प्रत्येक संबंध संध्याकाळी पैसे चुकते होताच संपतो. कुणाचा रोज कुणाकडे राहत नाही. आणि कुणाचा रोज राहिलेला नसला, की सकाळी रागावून दारात येणारेही कुणी राहत नाही.

शेतातून खाणीत जाणे आपल्या तालुक्याला नवे नाही. घरोघरी एक पाय वावरात आणि एक खाणीत असतो. १९७३ साली देशातल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे आपली वेकोलि स्थापन झाली, आणि वणीच्या आसपासची कितीतरी घरे सातबाऱ्याऐवजी पगारपत्रक पाहू लागली. आता बहुतेक कोळसा निघतो तो उघड्या खाणींतून. निलजई, उकणी ही नावे आपल्याला पाठ आहेत, आणि तिथल्या मातीचे डोंगर बसच्या खिडकीतून दिसतात. माझे मामा मात्र जुन्या पद्धतीच्या भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होते. हे ‘सरदार’ इतिहासातले नव्हेत. सरकारी परीक्षा देऊन, दाखला मिळवून होता येते असे हे पद आहे. आपल्या हद्दीतले छत, हवा आणि माणसे यांची जबाबदारी सरदारावर असते.

टीम म्हणजे काय, हे मी मामांना विचारले नव्हते. मी विचारले होते ते खाली भीती वाटते का, एवढेच. त्यांनी सांगितले ते असे. सरदाराच्या हातात काठी असते. तो छताला काठी ठोकत चालतो आणि ऐकत राहतो.

“छत बोलते, पोट्ट्या,” मामा म्हणाले. “भरीव असन तं टणटण, पोकळ असन तं ढबढब. पन आयकाले कान पायजे, अन् आयकून सांगाले तोंड पायजे. अन् एकानं सांगतलं, का मंग सर्व्यायनं मांगं सराव लागते. थ्या वक्ती तुहं-माहं नाही.”

खाली कुणाबरोबर काम करायचे, हे पाळीचा तक्ता ठरवतो. मामांच्या हाताखाली तेलंगणातून आलेले होते, छत्तीसगडचे होते, उत्तर प्रदेश-बिहारचे होते आणि आपल्याच गावच्या चारही आळींतले होते. सुरुंगासाठी भोके पाडणारा, सुरुंग उडवणारा, सब्बलीने छताचे सुटे दगड पाडणारा, टेकू लावणारा, कोळसा भरणारा, असा एकाचे काम संपल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही असा तो क्रम. दगड पाडणाऱ्या एका गृहस्थाशी मामांचे पतसंस्थेच्या जामिनावरून बिनसले होते. वर, म्हणजे जमिनीवर, दोघांत पाच वर्षे बोलणे नव्हते. लग्नकार्यात एक या दाराने आला, की दुसरा त्या दाराने जाई. खाली मात्र तो “सरदार, मांगं!” म्हणाला, की मामा विचार न करता मागे सरत. मी म्हणालो, “मामा, तुमचं तर भांडण होतं ना त्यांच्याशी?” मामांना माझा प्रश्नच कळला नाही. भांडण जामिनाचे होते, छताचे नव्हते.

दिवाघराची गोष्टही त्यांनीच सांगितली. पाळी सुरू होताना प्रत्येकाला त्याच्या नंबरचा दिवा मिळतो. टोपीवर दिवा, कमरेला बॅटरी. पाळी संपली की दिवा परत आपल्या नंबरच्या जागी येऊन बसतो. दिवाघरातल्या माणसाला कुणाचे चेहरे पाहावे लागत नाहीत. तो रिकाम्या जागा पाहतो. एक जागा रिकामी असली, तर एक माणूस अजून खाली आहे. मग तो पहिला प्रश्न विचारतो, कोण आले नाही?

या खाणकामातला मला सर्वांत विलक्षण वाटलेला नियम बचाव पथकाचा आहे. विषारी वायू भरलेल्या किंवा आग लागलेल्या खाणीत पाठीवर श्वसनयंत्र घेऊन पाच-सहा जण उतरतात. चालायचे ते पथकातल्या सर्वांत हळू माणसाच्या चालीने. आणि एकाच्या यंत्रात बिघाड झाला, किंवा एकाला गुदमरल्यासारखे वाटले, तर त्याला एकट्याला परत धाडत नाहीत. सगळे पथक परत येते. पुढे माणसे अडकलेली असली तरी! मला हा नियम पहिल्यांदा निर्दय वाटला. पुढच्या दहा जिवांसाठी एकाने सोसू नये काय? त्यावर मामा म्हणाले, “पाच गेले तं पाच आले पायजे. आज एकाले टाकून पुढं गेले, तं उद्या थ्या पथकात जाईन कोन?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुस्तकात वाचलेल्या बलिदानाच्या कल्पना या प्रश्नापुढे फार टिकत नाहीत.

१९८९ च्या नोव्हेंबरात पश्चिम बंगालमधल्या राणीगंज भागात महावीर कोळसा खाणीत पाणी घुसले, आणि ६५ कामगार खाली जिवंत अडकून पडले. बाहेरून जमिनीत भोक पाडून त्यातून पोलादी पिंजरा सोडावा, अशी कल्पना अभियंता जसवंतसिंग गिल यांनी मांडली आणि ते स्वतः त्या पिंजऱ्यातून खाली उतरले. एकेक माणूस वर धाडून ते अखेरीस आले. गिल यांचे नाव झाले, व्हायलाच हवे होते. पण मी ही हकिगत वाचताना थांबतो तो दुसऱ्याच ठिकाणी. ज्यांनी रातोरात तो पिंजरा जोडला, ज्यांनी ते भोक नेमके माणसे होती त्या बाजूला पाडले, ज्यांनी दोर ओढला, त्या सर्वांचा हात एकसारखा चालला नसता, तर धाडसी माणूस काठावरच उभा राहिला असता. २०२३ साली उत्तरकाशीजवळ सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस अडकले होते. मोठे यंत्र मोडून पडल्यावर शेवटचे काही मीटर हाताने खणले ते निरनिराळ्या धर्मांच्या गरीब खणकऱ्यांनी. तीन फुटांपेक्षाही अरुंद नळीत शिरून एक खणणार, दुसरा माती गोळा करणार, तिसरा ती बाहेर ओढणार. मग पाळी बदलणार. दूरदर्शनवर ते दृश्य पाहताना मामा फक्त एवढेच म्हणाले, “तिसऱ्याचा हात थांबला, का पहिला मेला.”

आपल्या वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांची जयंती आपण २९ ऑगस्टला साजरी करतो, हार घालतो आणि घरी येतो. त्यांच्या एका गोष्टीचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडून राखीव रानातले गवत कापले आणि अटक करवून घेतली. हा सत्याग्रह तुकड्यातुकड्यांनी चालला. पहिली तुकडी पकडली जाणार, तिच्याबरोबर नेताही जाणार, हे आधीच धरून चालायचे, आणि दुसरी तुकडी तयार ठेवायची. पुढारी नसताना काय होईल, ही चिंता करणारे आपण. तिथे तर पुढाऱ्याचे जाणे हेच कामाचे पहिले पाऊल होते. ‘तुकडी’ हा शब्दसुद्धा फलकावर शोभला असता. पण तेव्हा कुणाला सुचला नाही. असो.

आता मी आमच्या शिबिराकडे येतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज ती एवढी अंगवळणी पडली आहे, की पुष्कळांना ती दहा गुणांपुरतीच आठवते. आमचे सात दिवसांचे शिबिर दिवाळीनंतर पैनगंगेच्या बाजूच्या एका गावात होते. कार्यक्रमात प्रभातफेरी होती, व्याख्याने होती, रात्री करमणूक होती, आणि मुख्य काम म्हणजे नाल्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-रेती भरायची, सुतळीने तोंडे शिवायची आणि वाहत्या पाण्याला आडवी भिंत रचायची. ना गवंडी, ना सिमेंट. पाणी अडते, विहिरींना उतरते, हरभऱ्याला एखादे ओलित जास्त मिळते.

आमच्या सरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. गट पाडण्याचा अधिकार त्यांनी आमच्याकडे ठेवला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या रात्री शाळेच्या त्या खोलीत जी नाराजी पसरली, ती पाहण्यासारखी होती. जिवाभावाचे मित्र चार दिशांना गेले होते. माझ्या गटात माझ्या ओळखीचे एकच जण होते, आणि तेही असे, की ओळख नसती तर बरे झाले असते.

पहिल्या दिवशी जो तो आपले पोते आपण खांद्यावर घेऊन नाल्याकडे धावत होता. दणकट मुले मिशीवर ताव देत दोन-दोन फेऱ्या जास्त मारत. बारकी मुले वाटेत टेकत. नाल्याच्या तोंडाशी गर्दी आणि रेतीच्या ढिगाशी कुणीच नाही. दुपारपर्यंत जेमतेम पायाचा थर झाला. काठावर गुरे घेऊन उभी असलेली एक म्हातारी बाई बराच वेळ पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही. “अवो पोट्टेहो, येकायेकाच्या मांगं काऊन धावता? रांग करा ना बापा!”

मग रांग केली. ढिगापासून नाल्यापर्यंत हातभर अंतरावर एकेक. पोते फिरू लागले, माणसे जागच्या जागी. एखादे जड ओझे हातातून हातात देण्यात काय असते, ते केल्याखेरीज कळत नाही. दुसऱ्याने धरले आहे याची खात्री झाल्याशिवाय आपण सोडायचे नसते. त्यासाठी त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. दिवसभरात तीन-चारशे वेळा एकाच माणसाच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्याच्याशी वैर ठेवणे फार अवघड होते. तसे ठेवायला मनाची मोठीच तयारी लागत असावी.

माझ्या डाव्या हाताला झरी जामणीकडचा एक कोलाम मुलगा होता. दोन वर्षे तो आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत होता. ‘हजर सर’ यापलीकडे त्याचा आवाज आम्ही ऐकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो एकदम म्हणाला, “खालून वाहून जाईन.” भिंतीच्या बुडाशी डाव्या बाजूने पाणी झिरपत होते. पोत्यावर पोते सरळ रचले होते, सांध्यावर सांधा आला होता. विटांसारखे वरचे पोते खालच्या दोन पोत्यांच्या मध्यावर बसवायचे आणि मधल्या फटींत चिकणमाती तुडवायची, असे त्याने सांगितले. सांगितले म्हणजे पाण्यात उतरून करूनच दाखवले. दोन थर काढून पुन्हा घालावे लागले. तेव्हा शिव्याही झाल्या, “आता सांगतोस होय?” म्हणून. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “आता इचारलं ना कोनी.” खरे म्हणजे तेव्हाही कुणी विचारलेले नव्हते. दिवसभर शेजारी उभे राहिल्याने त्याला बोलावेसे वाटले, एवढेच.

गावकरी तीन दिवस आले नाहीत. आमच्यातल्या काहींना त्याचा राग आला. आम्ही यांच्यासाठी राबतो आणि हे काठाने जातात! पण कापसाची वेचणी सुरू होती, आणि एक दिवस बंधाऱ्यावर येणे म्हणजे एका दिवसाचा रोज बुडवणे, हे आम्हांला तिथेच कळले. व्याख्यानात श्रमदान हा शब्द सोपा असतो. रोजावर जगणाऱ्याला तो महाग पडतो. चौथ्या दिवशी दुपारी वेचणीवरून परतताना काही बाया थांबल्या आणि ओटी सोडून रांगेत शिरल्या. संध्याकाळी पुरुष आले. पाचव्या दिवशी रांग वाढून नाल्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेली. त्या गावात दोन वस्त्या आहेत, अलीकडची आणि पलीकडची. प्रत्येक गावात असतात तशा. रांगेत मात्र कुणाच्या शेजारी कोण आले, ते पोत्यांच्या घाईत कुणी पाहिले नाही. निदान तसे दाखवले तरी. सहाव्या दिवशी सकाळी एक गृहस्थ दिसले नाहीत, तर पलीकडच्या वस्तीतल्या माणसाने अलीकडच्या वस्तीत शिरून त्यांच्या नावाने हाक मारली. कुणी तरी माझ्या कानाशी म्हणाले, की अशी हाक या गल्लीत त्याने कधी ऐकली नव्हती.

इथे मी थांबलो असतो तर हा लेख फार गोड झाला असता. पण सातव्या दिवशी समारोपाचे गावजेवण होते. वरण, भाजी, पोळी आणि बुंदी. शाळेच्या पटांगणात पंगती बसल्या, आणि कुणीही काही न सांगता, कुणीही कुणाला न उठवता, त्या दोन झाल्या. बंधाऱ्यावर एक रांग होती. पटांगणात दोन होत्या. आम्ही वाढपी होतो, म्हणून ते आम्हांला अगदी स्पष्ट दिसले. आमच्यातल्या काही जणांनी ठरवून आपली पाने दोन्हीकडे मांडली. त्याने फार काही झाले असे मी म्हणणार नाही. माझा कोलाम वर्गमित्र कुठे बसावे म्हणून क्षणभर उभा राहिला, आणि मग जिथे बुंदी आधी येत होती तिथे बसला.

रात्री यावर आमच्यात खूप वाद झाला. एकाचे म्हणणे, सात दिवस फुकट गेले. दुसऱ्याचे म्हणणे, पंगतीचे काय घेऊन बसलात, पाणी तर अडले! हा दुसरा युक्तिवाद मला अधिक खटकला. मला आजही वाटते, की दोघेही घाई करत होते. बंधाऱ्यावर एकमेकांवाचून अडत होते. पंगतीत कुणाचे कुणावाचून अडत नव्हते, घास ज्याचा त्याला गिळता येत होता. जिथे अडत नाही तिथेही शेजारी बसणे, ही सात दिवसांत जमणारी गोष्ट नसावी. आणि वनराई बंधाऱ्याची खोड अशी, की तो पहिल्या मोठ्या पुराबरोबर जातो. पोती फाटतात, रेती वाहते, नाला पुन्हा मोकळा होतो. तो दर वर्षी नव्याने घालावा लागतो, म्हणजे रांगही दर वर्षी नव्याने धरावी लागते.

यंदाच्या पावसाळ्यात तसेच झाले. निर्गुडेला पूर आला तेव्हाच आम्ही ओळखले, की तिकडचा बंधारा राहिला नसणार. दिवाळी झाली आणि त्या गावाहून आमच्या सरांना फोन आला. शिबिर यंदा दुसऱ्या गावात होते. ते काही आम्हांला बोलावत नव्हते. त्यांना फक्त सिमेंटची रिकामी पोती हवी होती. गावात जमली ती पुरत नव्हती. आम्ही चौघांनी वणीतली बांधकामे पालथी घालून दोनशेच्या आसपास पोती गोळा केली आणि तिकडे जाणाऱ्या एका मालवाहू ऑटोत टाकली. पोहोचली की नाही हे विचारायला सकाळी मी फोन केला. ज्यांनी उचलला, ते अलीकडच्या वस्तीतले की पलीकडच्या, हे मला आवाजावरून ओळखता आले नाही. मागे बराच गलका ऐकू येत होता.

“पोते भेटले जी,” ते म्हणाले. “पन रांग लागाची हाये अजून. तिघं जन आले नाही. पोट्ट्याले धाडलं बलवाले.”